आशाताईंच्या गृहभेटी: शिकवायचं कसं आणि पाठीशी उभं राहायचं कसं

हे लिहितेय ते नवीन गटप्रवर्तक झालेल्या ताईंसाठी. तुमच्याकडे वीसेक आशा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, येणार, त्यांचे रिपोर्ट, त्यांच्या मीटिंगा, वरून रोज एक नवा तक्ता, आणि या सगळ्यात आशाताईसोबत प्रत्यक्ष घरात जाऊन बसायचं तेवढं राहून जातं. माझं म्हणणं एवढंच की बाकी काहीही मागे पडू दे पण हे पडू देऊ नका, कारण गृहभेट हॉलमध्ये बसून शिकता येत नाही, ती बाळाच्या घरात, सासू समोर बसलेली असताना आणि शेजारणी दारात उभ्या असताना शिकली जाते.

आधी वेळापत्रक पाठच करून घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. त्यानंतर बाळ मोठं होईल तसं 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्याला. नवजात बाळाच्या भेटी देशभर 2011 पासून सुरू झाल्या, पण त्याचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून बाळांची घरी काळजी घेतली आणि नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आला, 1999 ला ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. हे प्रत्येक नव्या आशाताईला पहिल्याच दिवशी सांगा. आपलं काम फॉर्म भरायचं नाही, जीव वाचवायचं आहे, हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला लागतं.

ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ द्या श्वास मोजण्याला. बाहुलीवर नाही, खऱ्या बाळावर. उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी आया बाळं घेऊन येतातच, सुई टोचायच्या आधी त्यांना विचारून बसवा. बाळ शांत हवं, रडतंय किंवा दूध पितंय तेव्हा मोजून उपयोग नाही. अंगडं वर करायचं, पोटाकडे बघायचं, आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचं, पुन्हा तेवढेच आले तर लगेच दवाखाना. मी काय करते, आशाताई आणि मी एकाच वेळी एकाच बाळाचे श्वास मोजतो आणि एकमेकींना न दाखवता कागदावर लिहितो, मग कागद उघडतो. दोन-चार बाळं झाली की आकडे जुळायला लागतात आणि तिच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो ना, तो कुठल्या सर्टिफिकेटनं येत नाही. गडचिरोलीत लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी मणी सरकवत श्वास मोजायचं साधं यंत्र केलं होतं, म्हणजे शिक्षण कमी आहे म्हणून हिला जमणार नाही असं कुणाबद्दल मनात आणूच नका.

वजनाचं तसंच. झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं. आणि बाळाला हात लावायच्या आधी त्याच घरातलं पाणी आणि साबण मागून हात धुवायचे, पदराला पुसायचे नाहीत, हवेत वाळू द्यायचे. आशाताईनं सगळ्यांसमोर हात धुतले की घरातल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता बोलणं. याची प्रॅक्टिस रोल प्लेनंच होते, आणि सासूचा रोल सगळ्यात वयस्क आशाताईला द्या, ती तो जीव तोडून करते! "आम्ही नाही का पोरं वाढवली, आम्हाला कोण आलं होतं सांगायला" हे वाक्य प्रत्यक्ष घरात ऐकावं लागणारच आहे तर आधी इथं ऐकून घेऊ दे. उत्तर वादाचं नको. आधी विचारायचं, मग ऐकायचं, घरातलं काहीतरी चांगलं चाललेलं असतंच, बाळाला नीट गुंडाळलंय, चीक पाजलाय, त्याचं नाव घेऊन कौतुक करायचं आणि मग एकच, फार तर दोन गोष्टी सांगायच्या. दहा सांगितल्या तर एकही राहत नाही. कशावर अडून बसायचं आणि काय सोडून द्यायचं हेही शिकवा. पाचवी पुजली, कपाळाला तीट लावली, मनगटाला काळा दोरा बांधला, असू दे. पण मध चाटवणं, बाळगुटी, डोळ्यात काजळ, नाळेवर हळद-तेल, बंद खोलीत धुरी, इथे मात्र गोड बोलून पण ठाम राहायचं.

मग तुमची खरी परीक्षा, सोबतची भेट. तुम्ही गेलात की घरचे तुम्हाला "मॅडम" म्हणून खुर्ची देणार आणि सगळे प्रश्न तुम्हालाच विचारणार. खाली बसा, थोडं मागे बसा, आणि "आमच्या ताईंना विचारा, त्यांना माहितीये" म्हणून प्रश्न तिच्याकडे वळवा. तिचं काही चुकलं तर तिथे टोकू नका, परत जाताना रस्त्यात बोला. घरच्यांसमोर टोकलं तर त्या घरात तिचं कुणी परत ऐकणार नाही, आणि उद्या तिथे जायचंय ते तिलाच. अपवाद एकच, बाळ दूध ओढत नाहीये, अंग गार पडलंय, छाती आत खेचली जातेय आणि तिच्या लक्षात आलं नाही, तर लगेच बोला, मान-अपमान नंतर बघू.

रेफर केल्यावर तिला एकटं सोडू नका. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 102 किंवा 108 ला फोन करायला लावा, बाळ आईच्या छातीला उघड्या अंगानं लावून वरून पांघरूण घालून न्यायला सांगा, आणि तुम्ही स्वतः पुढच्या दवाखान्यात फोन करून ठेवा की आमची आशाताई बाळ घेऊन येतेय. रात्री तिथे पोचल्यावर तिच्यावर कुणी खेकसलं तर ती पुढच्या वेळी सोबत जायला कचरते, हे मी बघितलंय.

आपल्याकडे एक मोठी फट आहे ती माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी, मग सासरची आशाताई म्हणते माझ्याकडे नाही, माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही, आणि नेमक्या पहिल्या आठवड्यातल्या भेटी बुडतात. आठव्या महिन्यातच विचारून माहेरच्या गावातल्या आशाताईचा नंबर घ्या, दोघींना फोनवर जोडून द्या, एमसीपी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींचं कार्ड, बरोबर गेलं का ते बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचंही हेच, कारखाना कुठला आणि मुकादम कोण ते निघायच्या आधी लिहून ठेवलं तर तिकडच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, कळवता तरी येतं.

बाळ गेलं तर. कधीतरी जाईल, सगळं नीट करूनही जाईल. त्या दिवशी आधी फॉर्म मागू नका. तिच्या घरी जा, चहा घ्या, तिला बोलू द्या, तिनं त्या बाळाला हातात घेतलेलं असतं, त्याचं वजन लिहिलेलं असतं. मृत्यूची माहिती भरायची असतेच, ती दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून भरा, आणि चौकशी म्हणजे तिला दोष देणं नाही हे वरच्यांना सांगायचं काम तुमचं आहे, तिचं नाही.

पैशांचं स्पष्ट बोला. एका नवजात बाळाच्या पूर्ण भेटींचे 250 रुपये, नंतरच्या प्रत्येक भेटीचे 50, हे दर तिच्या कष्टापुढे फार थोडे आहेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून निदान ते तरी अडकू नयेत, वजनाची नोंद, बीसीजी-पोलिओ, जन्मनोंदणी हे रकाने फॉर्म जमा करायच्या आधी तुम्ही स्वतः तपासा, एका रिकाम्या रकान्यापायी तिचे पैसे लटकतात. आणि दारूचा त्रास असलेल्या घरी किंवा लांबच्या वस्तीवर तिला एकटीला पाठवू नका, शेजारच्या आशाताईला नाहीतर अंगणवाडीताईला बरोबर द्या.

मासिक मीटिंगमध्ये पहिला अर्धा तास कागद काढूच नका. कुठलं बाळ अवघड गेलं, कोणत्या घरात दार उघडत नाहीत, ते बोलू द्या, उत्तरं बहुतेक वेळा त्यांच्यातूनच येतात. मग कीट उघडून बघा, थर्मामीटरची बॅटरी, घड्याळाचा सेकंद काटा, टॉर्च, झोळीची शिवण. जे बंद असेल त्याची मागणी त्याच दिवशी पीएचसीत लेखी द्या आणि पोच घ्या.