तळ्याची गोष्ट ऐकायला जाण्याआधी

महाराष्ट्रात भूविज्ञान शिकलं की हातोडी कायम काळ्या पाषाणावर पडते. पण आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो वाहताना बघायला माणूस नव्हताच. पीएचडीसाठी ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडला आले तेव्हा पहिल्यांदा असा मुलूख पाहिला, जिथे ज्वालामुखी फुटले तेव्हा माणसं राहत होती.

अ‍ॅथर्टन पठारावर ईचम नावाचं तळं आहे. तापलेला शिलारस भूजलाला भिडला, वाफेचा स्फोट झाला आणि खड्डा पडला. अशा विवराला ‘मार’ म्हणतात. इथल्या न्गाजोन या आदिवासी लोकांची गोष्ट अशी: नुकतीच दीक्षा झालेल्या दोघांनी निषिद्ध ते केलं, त्यांच्या श्रद्धेतला इंद्रधनुषी सर्प खवळला, जमीन गडगडली, आभाळात कधी न पाहिलेला लाल ढग आला आणि वस्ती गिळली गेली.

मला पहिल्यांदा आठवलं ते आपलं लोणार. तिथेही लवणासुराची कथा आहेच की! पण लोणारचा खड्डा बघून ती कथा नंतरही रचता येते. म्हणजे नुसता खड्डा आणि गोष्ट जुळली म्हणजे साक्ष मिळाली असं नाही. नवख्यांचा पाय इथेच घसरतो, माझाही घसरला.

ईचमची गोष्ट वेगळी ठरते ती एका बारक्या तपशिलामुळे. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९६४ मध्ये ती नोंदवली, तेव्हा सांगणारा म्हणाला की त्या काळी इथे घनदाट जंगल नव्हतं, उघडं माळरान होतं. आज तळ्याभोवती चालताना वर बघितलं तर आभाळ दिसत नाही, इतकं रान. पुढे पीटर कर्शॉ यांनी तळ्यांच्या गाळातले परागकण तपासले आणि कळलं की हे जंगल जेमतेम साडेसात हजार वर्षांचं आहे, त्याआधी इतकं दाट रान खरंच नव्हतं. आजचं दृश्य बघून जे सुचूच शकत नाही, ते गोष्टीत सापडतंय का, एवढंच मी आता शोधते.

दक्षिणेकडच्या गुगु बधुन लोकांच्या आठवणीत पाण्याच्या वाटांनी जमीन पेटली होती. तिथल्या किन्रारा ज्वालामुखीचं वय सुमारे ७ हजार वर्षं निघालंय, दोनेक हजार इकडेतिकडे. वयातली ही ढिलाई प्रबंधात लपवू नका.

आता इथे संशोधनाला येणाऱ्यांसाठी कामाचं. वडीलधाऱ्यांना इथे ‘आंटी’, ‘अंकल’ म्हणतात. आपल्या काका-मावशीसारखं वाटतं, पण हा मान आहे, नुसतं वय नाही. पहिल्या भेटीत मी फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. आंटी चहा ओतत राहिल्या, तासभर पावसावर बोलल्या. निघताना म्हणाल्या, “पुढच्या वेळी फोन पिशवीत ठेव, बाळ.” गोष्ट तिसऱ्या भेटीत मिळाली, आणि त्यातला काही भाग लिहायचा नाही या अटीवर. तो माझ्या वहीतही नाही. गोष्ट त्यांची आहे, परवानगीही त्यांचीच. कॅनबेराच्या ‘आयॅट्सिस’ (AIATSIS) या ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या अभ्यासाला वाहिलेल्या संस्थेची नीतिसंहिता अर्जाआधीच वाचून घ्या. माझे पहिले चार महिने परवानगीतच गेले, शिष्यवृत्तीचं घड्याळ मात्र चालूच होतं.

आणि जमलं तर परागकणांचा एखादा कोर्स भारतातच उरकून या. मी इथे येऊन चोविसाव्या वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांसोबत सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजत बसले होते.