ग्रीक चर्चच्या दारावरचं साल वाचा

ग्रीसमधल्या झागोरीसारख्या डोंगरी भागात जुन्या चर्चच्या दारावर अनेकदा कोरीव दगड असतो. साल त्यावरच असतं, पण अक्षरांत, त्यामुळे आपण नुसतंच बघून पुढे जातो. चार खुणा लक्षात ठेवा, शतक लगेच कळतं.

१. सुरुवातीला अल्फा आणि त्याच्या डाव्या पायाशी बारीक रेघ, म्हणजे १०००.
२. पुढचं अक्षर शतकाचं. उभी रेघ आरपार गेलेलं वर्तुळ ५००, फुली ६००, त्रिशूळ ७००, ओमेगा ८००. (आपल्याला त्रिशूळ तर चटकन ओळखू येतो.)
३. उरलेली अक्षरं दशक आणि एकक. अल्फा, त्रिशूळ, न्यू (Ν), डेल्टा म्हणजे १०००, ७००, ५०, ४. साल १७५४!

अक्षरं झिजली असतील तर मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरा. सावली पडून खोदकाम उठून दिसतं. खडूने मात्र घासू नका, दगड खराब होतो.

एक सांभाळा: सुरुवातीला झीटा (Ζ) असेल तर ते ७०००. ही जगाच्या निर्मितीपासूनची बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातली) गणना. त्यातून ५५०८ वजा करा, सप्टेंबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५५०९.