गंजका ब्लॉक: घ्यायचा की जालन्याच्या भट्टीला जाऊ द्यायचा?

आयटीआय करून नुकत्याच कामाला लागलेल्या पोरांपुढं इंजिनाचा गंजका ब्लॉक ठेवला की दोनच उत्तरं येतात. एक, 'भंगार आहे'. दुसरं, 'होनिंग मारलं की झालं', म्हणजे आतून दगडानं हलकं घासलं की झालं. दोन्ही उत्तरं ब्लॉकला हात लावायच्या आधीच आलेली असतात.

लातूरकडं मी ट्रॅक्टरच्या इंजिनांची कामं करतो. पेरणी तोंडावर आली की असे ब्लॉक यायला लागतात. हेड उघडून इंजिन गोठ्यामागं टाकलेलं, वर एक पोतं. एवढ्यावर एक पावसाळा गेला तरी बास. मालकाचा प्रश्न ठरलेला, "मिस्तरी, चालंल का ह्यो?" गंज किती आहे यावरून याचं उत्तर देऊ नका. तो कुठं आहे ते बघा.

त्याच्याही आधी नंबर बघा. इंजिन नंबर ब्लॉकवरच ठोकलेला असतो. तो वाचता येत नसेल किंवा घासल्यासारखा वाटत असेल, तर किंमत विचारूच नका. दुसरा ब्लॉक बसवला की आरटीओत आरसीवर नंबर बदलून घ्यावा लागतो आणि तिथं ब्लॉक कुठून आणला याचे कागद मागतात.

मग स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ती नळी. ओली स्लीव्ह, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारी, असेल तर आतला लालभडक गंज बघून घाबरायचं कारण नाही, ती काढून नवीनच टाकायची असते. खरी परीक्षा स्लीव्ह निघाल्यावर. वर तिची कॉलर बसते ती खाच आणि खाली ओ-रिंग टेकते ती जागा, या दोन ठिकाणी बोट फिरवा. आमच्याकडं रेडिएटरमध्ये बोअरवेलचं जड पाणी राजरोस ओततात. त्याच्या क्षाराची खपली स्क्रू ड्रायव्हरनं उडवली की खाली खाल्लेलं बीड, म्हणजे ब्लॉकचं ओतीव लोखंड, दिसतं. ओ-रिंगच्या जागी खोल खड्डे असतील तर पाणी ऑइलमध्ये उतरणार, मग स्लीव्ह कितीही भारीची टाका.

स्लीव्ह नसेल, बोअर, म्हणजे पिस्टनचं भोक, ब्लॉकमध्येच असेल, तर हिशोब वेगळा. हेड बसवलेलं असतानाही गंज सगळ्या सिलिंडरला सारखा नसतो. इंजिन थांबलं तेव्हा ज्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा-धुराच्या नळ्यांतून, ओल शिरते. डिझेल आणि वायर ब्रशनं साफ करा, मग नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो नुसता डाग, होनिंगमध्ये जाईल. अडकलं तर तो खड्डा. नवीन पोरं इथं गणितात फसतात: खड्डा पाव मिलिमीटर खोल असेल तर बोअर अर्धा मिलिमीटरनं वाढवावा लागतो, कारण धातू दोन्ही बाजूंनी निघतो. तुमच्या इंजिनाला 0.50 चा ओव्हरसाइझ पिस्टन बाजारात मिळतो का, हे लेथवर जायच्या आधी विचारा. मिळत नसेल किंवा बोअर आधीच वाढवलेला असेल, तर कोरडी, म्हणजे पाणी न लागणारी, स्लीव्ह ठोकायचा खर्च धरा. रिंगा जिथवर खाली येतात त्याच्या खालचे बारके खड्डे मी सोडून देतो.

वरचा फेस, म्हणजे हेड बसतं ती सपाट बाजू, स्ट्रेट एज ठेवून तिरका, आडवा, उभा तपासा. 0.05 मिलिमीटरची फिलर पाती खालून कुठं सहज सरकली तर फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करणं, आलंच. पाण्याच्या भोकांच्या कडा खाऊन गॅस्केटच्या पट्ट्यापर्यंत आल्या असतील तर नुसत्या फेसिंगनं भागेलच असं नाही. क्रँक धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकच्या आहेत ना, तेही बघा. दुसऱ्याच्या बसवल्या असतील तर लाइन बोअरिंगचा, म्हणजे बेअरिंगची सगळी भोकं एका रेषेत कापायचा, खर्च वाढला.

सगळ्यात शेवटी बघतात पण सगळ्यात महाग पडते ती क्रॅक. पाणी आटून तापलेल्या इंजिनात ती बहुतेक दोन बोअरच्या मधल्या पट्टीत सापडते, आणि गंजाखाली डोळ्यांना दिसत नाही. लाल डाय मारून, पुसून, वर पांढरी पावडर फवारली की लाल रेघ उमटते. पाण्याचे मार्ग बंद करून प्रेशर टेस्ट करून घेतली तर आणखी बरं. ही तपासणी बोअरिंगच्या आधी करायची, नंतर नाही. साफ केलेला ब्लॉक उघडा ठेवू नका, पावसाळ्यात रातोरात पुन्हा लाली चढते. ऑइल चोपडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

सौदा करताना विकणाऱ्याला आधीच सांगा: क्रॅक निघाली तर ब्लॉक परत. तो 'परत नाही' म्हणाला, तर त्याला भंगाराचा किलोचा भाव सांगायचा.