बायपासच्या ओटीत इमेजिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

बारावीनंतर पॅरामेडिकलला जाऊन कार्डियाक टेक्नॉलॉजी घेतलेली मुलं-मुली दरवर्षी आमच्याकडे इंटर्नशिपला येतात. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो, मशीन कधी हातात मिळणार? मशीन मिळतं आणि शिकूनही होतं. पण मशीनवर दिसलेल्या चित्राचं त्या माणसाच्या पुढच्या आयुष्यात काय झालं, हे बघायची सवय कोणी लावत नाही. मला ती उशिरा लागली. तुम्हाला पहिल्या महिन्यातच लागावी, म्हणून हे लिहिते आहे.

मी कळव्याला राहते. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बर पकडून नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात जाते. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पावणेआठला टेबल लागतं, म्हणजे मशीन त्याच्या आधी सुरू करून, रुग्णाचं नाव-नंबर भरून, ईसीजीची वायर जोडून तयार हवं. नाव चुकलं तर सहा महिन्यांनी जुनं चित्र सापडत नाही. हे मामुली वाटतं, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

बायपासच्या ओटीत मुख्यतः तीन प्रकारे बघितलं जातं. पहिला टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून घातलेला इकोचा (अल्ट्रासाउंडने हृदय बघायचा) प्रोब. तो कार्डियाक अ‍ॅनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारे डॉक्टर, घालतात आणि वाचतातही तेच. आपण मशीन सांभाळायचं, लूप (हलत्या चित्राचे छोटे तुकडे) सेव्ह करायचे. दुसरा, महाधमनीवर थेट ठेवायचा निर्जंतुक आवरणातला प्रोब. तिसरा, ग्राफ्टमधून (तुंबलेल्या धमनीला वळसा घालायला जोडलेल्या रक्तवाहिनीतून) रक्त किती वाहतंय ते मोजणारा फ्लो प्रोब. तिन्ही सगळीकडे नसतात. फ्लो मोजायचं मशीन तर आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी नाही. तरी तत्त्व शिकून ठेवा, कारण पुढच्या नोकरीत ते असू शकतं.

टीईईत एक दृश्य डोळ्यांत बसवा: प्रोब जठरात नेऊन घेतलेला डाव्या जवनिकेचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) आडवा छेद, झडपेला धरून ठेवणाऱ्या दोन्ही पॅपिलरी स्नायूंच्या पातळीवर. या एका गोल चित्रात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही मुख्य धमन्यांचा मुलूख दिसतो. नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात. छातीवरून केलेल्या इकोमध्ये पुढची भिंत वर असते. इथे प्रोब जठरातून बघतो, म्हणून त्याला सगळ्यात जवळची, स्क्रीनवर वर दिसणारी, ती खालची भिंत. मी पहिले पंधरा दिवस वहीत तो गोल काढून त्यावर धमन्यांची नावं लिहीत असे. भिंत आत येते की नाही एवढंच बघू नका, ती जाड होते की नाही ते बघा. रक्त कमी पडलं की जाड होणं आधी थांबतं, ईसीजीत बदल बऱ्याचदा नंतर येतो.

हे नीट समजलं की एक मोठी चूक टळते. बायपासनंतर दोन जवनिकांमधला पडदा पुष्कळदा उलटसुलट हलतो. छाती आणि हृदयावरचं आवरण उघडल्यामुळे तसं होतं. तो जाड होत असेल, तर ग्राफ्ट बंद पडला असं समजायचं कारण नाही. डिस्चार्जनंतरच्या इकोतही हे दिसतं, आणि अनुभव नसलेला माणूस रिपोर्टमध्ये काहीतरी भयंकर लिहून घरच्यांची झोप उडवतो.

आपल्याकडे बऱ्याच शस्त्रक्रिया ऑफ-पंप, म्हणजे हार्ट-लंग मशीन न लावता धडधडत्या हृदयावर होतात. मागच्या बाजूचा ग्राफ्ट जोडताना हृदय उचलून उभं केलं की ते जठरापासून दूर जातं आणि जठरातलं चित्र नाहीसं होतं. तेव्हा घाबरून मशीनची बटणं दाबत बसू नका. मधल्या अन्ननलिकेतून जेवढं दिसेल तेवढं बघायचं आणि हृदय खाली ठेवलं की लगेच जुन्या लूपशी ताडून पाहायचं. म्हणूनच सुरुवातीचा लूप, छातीला हात लागण्याआधीचा, सेव्ह झालाच पाहिजे. तो नसेल तर 'ही भिंत आधीपासूनच अशी होती का?' या प्रश्नाला ओटीत कोणाकडेच उत्तर नसतं.

महाधमनीचंही सांगते. टीईईने वर जाणाऱ्या महाधमनीचा वरचा भाग दिसत नाही, कारण मध्ये हवेने भरलेली श्वासनलिका येते आणि अल्ट्रासाउंड हवेतून जात नाही. नेमक्या त्याच भागावर सर्जन क्लॅम्प (चिमटा) लावतात. तिथे चरबीचे थर साचलेले असतील आणि तुकडा सुटला, तर तो मेंदूकडे जाऊ शकतो. म्हणून थेट महाधमनीवर प्रोब ठेवून बघणं आणि गरज पडली तर क्लॅम्पची जागा बदलणं किंवा महाधमनीला हातच न लावणं याला फार किंमत आहे. अर्धांगवायू होऊन घरी गेलेल्या माणसाचा ग्राफ्ट कितीही छान वाहत असला तरी त्याच्या घराला त्याचा काय उपयोग?

आता फ्लो. दोन स्फटिक एकमेकांकडे ध्वनिलहरी पाठवतात. प्रवाहाच्या दिशेने जाणारी लहर लवकर पोचते, उलट जाणारी उशिरा, आणि या फरकावरून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जातंय ते निघतं. सोबत पल्सॅटिलिटी इंडेक्स येतो: सर्वांत जास्त प्रवाहातून सर्वांत कमी वजा करून सरासरीने भागायचं. साधारणपणे प्रवाह २० मिलिलिटरच्या वर आणि इंडेक्स ५ च्या खाली असेल तर समाधान मानतात. डाव्या बाजूच्या ग्राफ्टमध्ये बहुतेक रक्त हृदय सैल पडतानाच्या काळात जायला हवं, तेही आलेखात बघायचं.

हे आकडे तुम्ही पाठ कराल. मीही केले होते, आणि त्यातूनच माझ्या हातून चूक झाली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली गोष्ट. लिमा ग्राफ्टवर, म्हणजे छातीच्या आतल्या डाव्या धमनीच्या ग्राफ्टवर, प्रोब लावला गेला, स्क्रीनवर ८ मिलिलिटर, इंडेक्स ६ च्या वर. मी मोठ्याने सांगितलं, "सर, फ्लो नाहीये." सरांनी टाका उघडायला कात्री मागितली. तेवढ्यात अ‍ॅनेस्थेशियाच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "प्रेशर किती आहे तुझ्याकडे?" मी बघितलंच नव्हतं. सरासरी दाब ५२ होता, हृदय नुकतंच खाली ठेवलं होतं. शिवाय प्रोब एक नंबर मोठा, आणि धमनीभोवतीची चरबी मध्ये आल्यामुळे संपर्काचा सिग्नल अर्धवट. दाब ७८ वर आणला, लहान प्रोब घेतला, धमनीचा थोडा भाग साफ करून जेल टाकलं. आकडा आला ३४, इंडेक्स २.४. चांगला जोडलेला ग्राफ्ट माझ्या एका वाक्यामुळे उघडला गेला असता. त्या दिवसापासून मी प्रवाहाचा आकडा दाबाशिवाय सांगत नाही आणि सिग्नल हिरवा झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. प्रोटामाइन (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा उतारा) दिल्यावर, छाती बंद करण्याआधी पुन्हा एकदा मोजून घेतलेलं बरं.

या मोजमापाला आधारही आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०११ मध्ये बायपासमध्ये अशा पद्धतीने प्रवाह मोजायच्या एका यंत्रणेची शिफारस केली. युरोपातल्या हृदयरोग संघटनांनी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, ग्राफ्टचा प्रवाह नेहमीच मोजण्याचा विचार करावा असं म्हटलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिक्वेस्ट' या नोंदींच्या अभ्यासात, प्रवाह आणि अल्ट्रासाउंड दोन्ही वापरलेल्या सुमारे १,००० रुग्णांपैकी साधारण चौघांतल्या एकाच्या शस्त्रक्रियेत काही ना काही बदल करावा लागला. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. बदल केल्यामुळे रुग्ण पुढे जास्त बरे राहिले का, हे त्यातून ठरत नाही. ते शोधायचं तर डिस्चार्जनंतर माणसाच्या मागे जावं लागतं.

मी मागे गेले ते एका माथाडी काकांमुळे. मूळचे सातारा जिल्ह्यातले, राहायला कोपरखैरण्याच्या वसाहतीत, काम कांदा-बटाटा मार्केटमध्ये. ऑपरेशन योजनेतून मंजूर झालं होतं. तीन ग्राफ्ट झाले, हृदय खाली ठेवलं आणि आडव्या छेदात स्क्रीनवर वर दिसणारी, म्हणजे हृदयाची खालची भिंत मंदावली. ईसीजी जसाच्या तसा. उजवीकडच्या, पायातून काढलेल्या शिरेच्या ग्राफ्टचा प्रवाह जोडल्यावर चांगला होता, आता दाब नीट असूनही ९ वर आलेला. सरांनी हृदय पुन्हा हलकेच उचललं, तर शीर लांब पडून मुडपली होती. ती आखूड करून पुन्हा जोडली आणि पाच मिनिटांत भिंत हलायला लागली. सगळे आनंदात. माझ्या लेखी केस संपली.

बाराव्या दिवशी ते परत आले. थकवा, भूक नाही, आडवं झोपलं की घुसमट. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. छातीवरून केलेल्या इकोत समोर फारसं काही दिसेना. सरांनी वेगवेगळ्या कोनांतून बघायला लावलं तेव्हा उजव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) मागे गुठळीसारखं रक्त साचून तिला दाबत असलेलं सापडलं. ते काढलं आणि काका वाचले. बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे होऊ शकतं आणि लक्षणं अगदी साधी असतात, हे मला पुस्तकात वाचूनही त्या दिवशीच कळलं.

तेव्हापासून माझ्याकडे एक लांब वही आहे. डाव्या पानावर ओटीतलं: भिंती, प्रत्येक ग्राफ्टचा प्रवाह, इंडेक्स, त्या वेळचा दाब, काय बदललं. नाव लिहीत नाही, फक्त नंबर, आणि वही रुग्णालयाबाहेर नेत नाही. उजवं पान कोरं सोडते, फॉलो-अपला भरायला. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन तुम्हीही ठेवा. ओपीडीच्या दिवशी अर्धा तास तिथे जाऊन बसा. रुग्णाला इकोच्या टेबलावर घेताना जे विचाराल तेही इमेजिंगचाच भाग आहे. काका, रात्री सपाट झोपता येतं का, की दोन उश्या लागतात? खोकल्यावर छातीच्या हाडात कट्-कट् होतं का? पायाची जखम कोरडी आहे का? छातीत मध्येच फडफड होते का? ऑपरेशननंतर अनियमित ठोके बऱ्याच जणांना पडतात, बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पण काहींना घरी गेल्यावर. आणि गोळ्या घरात कोण देतं? दात काढायचा म्हणून अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद केलेले लोक मी पाहिले आहेत. शिरेचे ग्राफ्ट पहिल्या वर्षातच बंद पडण्याचं प्रमाण कमी नाही, दहा वर्षांत जवळपास निम्मे खराब होतात. लिमा मात्र दहापैकी नऊ जणांत तेव्हाही चालू असते. ओटीतला सुंदर प्रवाह गोळ्या चुकवणाऱ्याला फार काळ पुरत नाही. उत्तरं डॉक्टरांना सांगा, सल्ला आपण द्यायचा नाही.

सहा महिन्यांनी काका इकोला आले तेव्हा मी डावं पान उघडूनच मशीन सुरू केलं. खालची भिंत जाड होत होती, पडदा थोडा उलटा हलत होता, मागे पाणी नव्हतं. छातीचं हाड जुळलं होतं, पण पन्नास किलोची गोणी आता पाठीवर घ्यायची नाही असं सरांनी सांगितलं होतं. मी विचारलं, "मग कामाचं काय केलंत?" म्हणाले, "मुकादमानं काट्यावर बसवलंय ताई. वजन मी लिहितो, गोणी पोरं उचलतात." तेही मी उजव्या पानावर लिहून ठेवलं.