कुंडीतला टोमॅटो: या चुका टाळा

टोमॅटोच्या रोपाचे काही बिघडले की आपल्याकडे पहिला प्रश्न 'कोणते औषध मारू?' असाच असतो. प्रत्यक्षात गच्चीवर किंवा गॅलरीत लावलेल्या टोमॅटोच्या बऱ्याच तक्रारी हंगाम, पाणी आणि कुंडीचा आकार या तीन गोष्टींपाशी येऊन थांबतात, आणि त्यांवर फवारणीचा काहीही उपयोग होत नाही.

पहिली चूक वेळेची. शेतकरी महाराष्ट्रात तिन्ही हंगामांत टोमॅटो घेत असले, तरी घरच्या कुंडीसाठी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये बी टाकून पावसाचा जोर ओसरल्यावर रोपे लावणे सर्वांत सोयीचे ठरते. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले, रात्रीही उकाडा राहिला किंवा उलट रात्रीचे तापमान 13 अंशांच्या खाली उतरले, तर परागकण नीट काम करत नाहीत आणि फुले देठापासून गळून पडतात. मार्चमध्ये रोपे आणून एप्रिल-मेमध्ये फुलगळ होते म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. विदर्भात तर नाहीच. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणाभिमुख गॅलरीला चांगले ऊन मिळते, तर उत्तरेकडच्या गॅलरीत रोप नुसतेच उंच आणि लुकडे होत जाते. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर त्या जागी टोमॅटोऐवजी पालेभाजी लावावी, हे उत्तम.

ऊन-तापमान योग्य असूनही फळ धरत नसेल, तर दोन शक्यता तपासाव्यात. टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, पण पराग सुटण्यासाठी फूल हलावे लागते. वारा न लागणाऱ्या बंदिस्त गॅलरीत सकाळी उशिरा, फुले उमललेली असताना, फुलांच्या झुबक्याला बोटाने हलकी टिचकी मारली तरी पुरते. दुसरी शक्यता नत्राच्या (नायट्रोजनच्या) अतिरेकाची. गडद हिरवी, जाड, भरघोस पाने आणि फुलांचा पत्ता नाही, असे रोप दिसले की युरिया, शेणस्लरी वगैरे सर्व काही थांबवावे.

बुडाशी काळा पडणारा टोमॅटो

घरच्या लागवडीत सर्वांत जास्त गैरसमज या एका तक्रारीभोवती आहेत. फळाच्या देठाविरुद्धच्या टोकाला आधी पाणचट डाग पडतो, मग तो तपकिरी-काळा, खोलगट आणि चामड्यासारखा होतो. हा रोग नाही, त्यामुळे तो एका झाडावरून दुसऱ्यावर पसरतही नाही. वाढत्या फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण आहे, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसे असते. ते पाण्याबरोबर मुळांतून वर चढते आणि जिथून बाष्प जास्त बाहेर पडते त्या पानांकडे आधी जाते. फळाच्या टोकापर्यंत ते सर्वांत शेवटी पोहोचते. मधल्या काळात कुंडी एक-दोनदा कोरडीठाक पडली, तर ही साखळी तुटते आणि डाग आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतो. तोवर पाणी चुकले होते हे कुणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

अशा वेळी अंड्याची टरफले चुरून घालण्याचा सल्ला हटकून मिळतो. टरफले वाईट नाहीत, मात्र ती कुजून कॅल्शियम मोकळे व्हायला अनेक महिने लागतात, त्यामुळे चालू हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग जवळजवळ नसतो. एप्सम सॉल्टचा (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचा) सल्ला मात्र सरळ नुकसानकारक आहे, कारण त्यातले मॅग्नेशियम कॅल्शियमच्या शोषणाशी स्पर्धा करते. डागाळलेली फळे काढून टाकावीत, पाणी नियमित करावे, मातीवर वाळलेली पाने, पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचे दोन इंचांचे आच्छादन घालावे. पुढची फळे आपोआप स्वच्छ येतात. पिकत आलेली फळे तडकण्याचे कारणही हेच: आधी ताण, मग एकदम भरपूर पाणी.

'रोज एक तांब्या' हा नियम म्हणून सोडून द्यावा. बोट दोन इंच मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तर सकाळी बुडाशी, खालच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत द्यावे. भर दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा तरारत असतील, तर काळजीचे कारण नाही. आठ इंचांच्या कुंडीत मात्र कितीही सांभाळले तरी पाण्याचा समतोल राखता येत नाही. एका रोपाला 15 ते 20 लिटर मातीची कुंडी किंवा ग्रो बॅग हवी, आणि तीत नुसती काळी माती नको, कारण ती वाळली की भेगाळते आणि भिजली की चिकटून बसते. मातीत शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून ती भुसभुशीत करावी. रोप लावताना खालची पाने काढून खोड खोलवर पुरावे. पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात.

खरे रोग कोणते?

खालची जुनी पाने आत वळून गुंडाळली गेली, तर तो उष्णतेचा परिणाम असतो. शेंड्याची नवी पाने मात्र बारीक, कडेने पिवळी, वर वळलेली आणि रोप खुरटलेले दिसले, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ विषाणू समजावा. यावर उपाय नाही. ते रोप जीव कठोर करून उपटावे. सुरुवातीपासून पिवळे चिकट सापळे आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूने फवारल्यास माशी आटोक्यात राहते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का रक्षक' हे संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक आहे.

हिरवेगार रोप एकाएकी माना टाकते आणि पाणी देऊनही उठत नाही, तेव्हा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावा. दुधाळ धागे उतरले, तर ती जिवाणूजन्य मर आहे. त्या कुंडीतल्या मातीत पुन्हा टोमॅटो, वांगे, मिरची किंवा बटाटा लावू नये. करपा खालच्या पानांवर वर्तुळाकार कड्यांच्या डागांनी सुरू होतो. ती पाने काढावीत, वेल सुतळीने बांबूला बांधावा आणि पाने ओली करू नयेत.

फळ झाडावरच लालभडक होऊ देण्याचा हट्टही नको, कारण अळी आणि पक्षी त्याचीच वाट पाहत असतात. बुडाशी गुलाबी छटा आली की तोडून घरात सावलीत ठेवावे. ते तिथे उत्तम पिकते, फ्रिजमध्ये मात्र चव हरवते.