यूपीआयचं लिमिट: पैसे कुठे अडतात आणि मोठी रक्कम कशी पाठवायची

घरमालकाला दीड लाखाचं डिपॉझिट द्यायचं आहे, खात्यात दोन लाख आहेत आणि ॲप सांगतं की आजचं लिमिट संपलं. बहुतेक जण मग गुगल पे बंद करून फोनपे उघडतात, तिथेही तेच झालं की पेटीएम. त्याने काही साधत नाही. यूपीआयचे पैसे ॲपमध्ये नसतात, ते तुमच्या बँक खात्यातून थेट समोरच्याच्या खात्यात जातात. त्या खात्यातून दिवसभरात यूपीआयने किती रक्कम गेली याची मोजणी तुमची बँक ठेवते. ॲप कुठलंही वापरा, बेरीज एकाच ठिकाणी होते.

लिमिट ठरवणारे तिघे असतात. सगळ्यात वर एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे पाठवायचे असतील तर तिने घातलेली कमाल मर्यादा दिवसाला १ लाख रुपये आहे. दुसरी तुमची बँक. ती या १ लाखाच्या वर जाऊ शकत नाही, पण खाली नक्की येऊ शकते. काही बँका एका व्यवहाराला वेगळी मर्यादा ठेवतात, दिवसाला वेगळी. तिसरं ॲप, ज्याची स्वतःची आणखी काही बंधनं असू शकतात. या तिघांत जी रक्कम सगळ्यात लहान, ती तुम्हाला लागू. त्यामुळे ‘मित्राचे १ लाख गेले, माझे ५० हजारांवरच का अडले?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा बँकेत सापडतं. बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये यूपीआयच्या सेटिंगमध्ये किंवा तिच्या संकेतस्थळावर हा आकडा मिळतो. काही बँका तो तिथल्या तिथे कमी-जास्त करू देतात, तेव्हा शाखेत जाण्याआधी तिथे बघा.

दुसऱ्या बँकेत खातं असेल तर त्याची मोजणी ती बँक वेगळी ठेवते. म्हणून निकडीच्या वेळी तोच मार्ग जास्त उपयोगी पडतो. मात्र दोन्ही खाती एकाच ॲपला जोडलेली असतील, तर ॲपचं स्वतःचं लिमिट आडवं येऊ शकतं.

पैसे कुणाला जातात, यावर लिमिट बदलतं

१ लाखाची मर्यादा माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांसाठी आहे. घेणारा नोंदणीकृत व्यापारी किंवा संस्था असेल, तर हिशोब वेगळा होतो. रुग्णालयाचं बिल आणि शाळा-कॉलेजची फी यांसाठी एका व्यवहाराला ५ लाखांपर्यंतची मुभा आहे. आयपीओच्या, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअर विक्रीच्या, अर्जालाही तितकीच. १५ सप्टेंबर २०२५ पासून आणखी बरेच प्रकार मोकळे झाले. शेअर बाजार व म्युच्युअल फंडातली गुंतवणूक, विम्याचा हप्ता, आयकरासारखे सरकारी भरणे, प्रवासाचं बुकिंग आणि कर्जाचे हप्ते यांना एका वेळी ५ लाख आणि २४ तासांत १० लाख चालतात. क्रेडिट कार्डाचं बिल एका वेळी ५ लाख, पण २४ तासांत ६ लाख. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना एका वेळी २ लाख आणि २४ तासांत ६ लाख.

इथे एक अट आहे आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. घेणाऱ्याचं खातं त्याच्या बँकेने त्या विशिष्ट प्रकारचा, पडताळणी झालेला व्यापारी म्हणून नोंदवलेलं असायला हवं. पाडव्याला सराफाकडे पावणेदोन लाखांची खरेदी केली आणि काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड मालकाच्या वैयक्तिक बचत खात्याचा निघाला, तर यूपीआयच्या दृष्टीने तुम्ही सराफाला नाही, एका माणसाला पैसे देत आहात. मर्यादा पुन्हा १ लाख. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव येतं ते नीट वाचा. दुकानाच्या नावाऐवजी माणसाचं नाव दिसलं तर व्यापारी खात्याचा कोड मागा. रुग्णालयातही तेच करा. बिलिंग काउंटरवरचा अधिकृत कोड वापरा किंवा त्यांच्याकडून मोबाइलवर पेमेंट लिंक मागवा. आणि घेणाऱ्याच्या बाजूने सगळं बरोबर असलं, तरी तुमच्या बँकेने त्या प्रकाराला ती वरची मर्यादा लागू केलेली असली पाहिजे. ते आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं बरं.

आणखी एक अडचण व्हॉट्सॲपवर आलेल्या कोडची. दुकानदार क्यूआरचा फोटो पाठवतो आणि तुम्ही तो गॅलरीतून उघडून पैसे भरता. असा भरणा २,००० रुपयांच्या पुढे अनेकदा नाकारला जातो, कारण फोटोतला कोड कुणीही बदलून पाठवू शकतो. मोठी रक्कम असेल तर दुकानातला कोड प्रत्यक्ष कॅमेऱ्याने स्कॅन करा, नाहीतर यूपीआय आयडी मागून टाका.

क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर ते फक्त व्यापाऱ्यांना चालतं. त्यातून भावाला किंवा मैत्रिणीला पैसे जात नाहीत, रक्कम कितीही लहान असो. अशी नकाराची सूचना लोक लिमिट संपल्याची समजतात.

रक्कम शिल्लक आहे, तरी व्यवहार होत नाही

रकमेइतकंच महत्त्वाचं लिमिट संख्येचं आहे. एका बँक खात्यातून २४ तासांत माणसांना साधारण २० वेळाच पैसे पाठवता येतात, सगळी ॲप धरून. दुकानदारांचे आणि बिलांचे व्यवहार बहुतेक बँका यात मोजत नाहीत. पण रिक्षावाला, भाजीवाली, इस्त्रीवाला यांनी वैयक्तिक खात्याचा कोड लावलेला असतो, तेव्हा त्यांना दिलेले २० रुपयेही एक व्यवहार म्हणून खर्ची पडतात. दिवसभर असे किरकोळ पैसे देणाऱ्याची संख्या संध्याकाळी सहज संपते.

यावर चांगला उपाय यूपीआय लाइट, म्हणजे किरकोळ खर्चासाठी ॲपमध्ये आधीच भरून ठेवलेली छोटी रक्कम. ॲपमधल्या प्रोफाइलमध्ये जाऊन यूपीआय लाइट निवडा, बँक खातं निवडा, हवी ती रक्कम टाका आणि एकदाच पिन द्या. यात कमाल ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. प्रत्येक चहाचे पैसे बँक खात्यातून जात नसल्याने मोजणी वाढत नाही आणि पासबुकही भरून जात नाही. फोन हरवला तर मात्र ही रक्कम पिनच्या आड नसते, हे ध्यानात ठेवून लागतील तेवढेच पैसे भरा.

‘दिवस’ कधी संपतो हेही नीट समजून घ्या. अनेक जण रात्री बारा वाजण्याची वाट बघतात आणि बारा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा नकार खातात. मोजणी २४ तासांची असेल आणि काल दुपारी चारला ८० हजार पाठवले असतील, तर आज चारपर्यंत २० हजारच उरतात. मोठी रक्कम दोन हप्त्यांत पाठवायची असेल तर पहिल्या व्यवहाराची वेळ लिहून ठेवा आणि दुसरा त्यानंतर पूर्ण २४ तास उलटल्यावर करा.

नवा फोन, नवं सिम, नवा पिन

यूपीआय पहिल्यांदा सुरू केलं, फोन किंवा सिम बदललं किंवा पिन नव्याने बनवला, तर पुढचे २४ तास मर्यादा साधारण ५,००० रुपयांवर येते. आयफोनवर ही मुदत ७२ तासांपर्यंत जाऊ शकते. चिडचिड होते, पण हे बंधन फार मोलाचं आहे. कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढून दुसऱ्या फोनवर यूपीआय चालू केलंच, तर खातं रिकामं करण्याआधी त्याला थांबावं लागतं आणि तेवढ्यात तुम्हाला बँकेला कळवता येतं. ही मुदत कुणीही कमी करून देऊ शकत नाही. म्हणून घराचा व्यवहार, लग्नाचा हॉल किंवा ॲडमिशनची तारीख चार दिवसांवर असेल, तर फोन बदलणं पुढे ढकला.

ॲप काय सांगतंय ते वाचा

नकार आला की घाईने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. व्यवहाराच्या तपशिलात कारण किंवा कोड दिलेला असतो. झेड ७ म्हणजे व्यवहारांची संख्या संपली, झेड ८ म्हणजे एका व्यवहाराची मर्यादा ओलांडली, झेड ९ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. झेड ८ आला तर रक्कम लहान करून बघता येते, झेड ७ आला तर थांबण्याशिवाय इलाज नाही. पिन चुकत असेल तर तिसऱ्या चुकीआधीच थांबा. बहुतेक बँका त्यानंतर पिन काही काळ बंद करतात, आणि मग नवा पिन बनवला की वर सांगितलेली ५,००० ची मर्यादा मागे लागते.

शिल्लक किती आहे हे बघण्यालाही मर्यादा आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून दिवसाला ५० वेळा. सामान्य माणसाला तेवढी गरज पडत नाही. गल्ल्यावर बसून दर गिऱ्हाइकामागे शिल्लक तपासणाऱ्याने मात्र बँकेचे मेसेज किंवा साउंडबॉक्स (पैसे आल्याचं बोलून सांगणारं यंत्र) वापरावा.

लाखाच्या वर पाठवायचं असेल तर

घरमालकाचं ते दीड लाखाचं डिपॉझिट यूपीआयने तुकड्यातुकड्यांत पाठवण्याऐवजी बँकेचं ॲप किंवा नेट बँकिंग वापरा. तिथे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायच्या आयएमपीएस, एनईएफटी आणि आरटीजीएस अशा तीन पद्धती असतात. आयएमपीएसने एका वेळी ५ लाखांपर्यंत रक्कम लगेच जाते, अर्थात तुमच्या बँकेने मर्यादा कमी ठेवली नसेल तर. एनईएफटीला रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा नाही. ते डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं, दर अर्ध्या तासाला एक तुकडी निघते, आणि बचत खात्यातून ऑनलाइन केल्यास शुल्क नाही. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे, पैसे लगेच पोचतात.

तीन दिवस आधी समोरच्याचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड घेऊन त्याला लाभार्थी म्हणून जोडा. क्रमांक दोनदा टाइप करा, कॉपी-पेस्ट नको. बँक खातेदाराचं नाव दाखवते, ते जुळतं का बघा. मग १ रुपया पाठवून पोचल्याची खात्री करा. नव्या लाभार्थ्यालाही बऱ्याच बँका सुरुवातीचे काही तास कमी मर्यादा ठेवतात, म्हणूनच हे काम त्याच दिवशी करायला घेऊ नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या किंवा कॉलेजातल्या मुलांच्या खर्चासाठी उलट, लिमिट खाली आणणं शहाणपणाचं. यूपीआय सर्कलमध्ये तुमच्या खात्यातून खर्च करण्याची मुभा त्यांना देता येते. दर वेळी तुमची मंजुरी लागणार नाही अशी पूर्ण परवानगी दिली तरी एका वेळी कमाल ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपये.

‘तुमचं लिमिट वाढवून देतो, पिन टाका’ किंवा ‘हा कोड स्कॅन करा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. लिमिट वाढवायला पिन लागत नाही आणि पैसे घ्यायलाही लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

खात्यातून रक्कम गेली पण समोरच्याला मिळाली नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. दोन्ही पोचू शकतात, आणि अडकलेली रक्कम तोवर तुमच्या दिवसाच्या बेरजेत धरलेली असू शकते. माणसाला पाठवलेले असे पैसे बँकेने दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करायचे असतात, व्यापाऱ्याला दिलेले पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रारीसाठी ॲपमधल्या त्या व्यवहारावर टॅप करून तिथूनच नोंद करा आणि यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) जपून ठेवा. बँक तोच मागते.