लकव्यानंतर दुखणारा खांदा: घरी सांभाळताना या चुका टाळा

लकवा मारला की घरच्यांचं सगळं लक्ष पायाकडे असतं. बाबा चालायला कधी लागणार, हाच प्रश्न. हात मात्र तसाच लोंबकळत राहतो. मग काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, पेशंट खांद्याला हात लावू देत नाही. रात्रीची झोप जाते, व्यायाम बंद पडतो. हे दुखणं लकव्याबरोबर येणारच, असं समजू नका. बरेचदा ते आपल्याच उचलण्या-बसवण्यातून वाढतं, म्हणजे ते टाळणंही पुष्कळसं आपल्या हातात असतं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे काखेत हात घालून उचलणं, किंवा लुळा हात धरून ओढणं. खांद्याची वाटी उथळ असते; दंडाचं हाड तिथे टिकतं ते मुख्यतः स्नायूंच्या जोरावर. स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच हाड खाली उतरतं. खांद्याच्या टोकाखाली बोट फिरवलंत तर कधी कधी बोटभर खाच लागते. अशा सांध्याला हिसका बसला तर काय होईल? उठवताना कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा, किंवा पाठीमागे फऱ्याला, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाला, आधार द्या. रात्रपाळीच्या मावशींनाही हे करून दाखवा. नुसतं सांगून भागत नाही.

दुसरी चूक कप्पीची. दाराला दोरी टांगायची आणि चांगल्या हाताने लुळा हात वर खेचायचा. हात खांद्याच्या वर जाताना फरा फिरावा लागतो, दंडही बाहेरच्या अंगाला वळावा लागतो. लकव्यात हे दोन्ही नीट होत नाही आणि मधले स्नायू हाडांत चिमटले जातात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही डोक्यावरच्या कप्पीचा व्यायाम नको म्हटलं आहे. खांद्याच्या रेषेपर्यंतच थांबा. त्यापुढे फिजिओथेरपिस्ट फरा धरून नेतील. जोर लावून मालीश करणाऱ्यांनाही हाच नियम.

कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. आपला हात बाहीच्या तोंडातून आत घालून पेशंटचा पंजा धरायचा आणि बाही हळूच वर सरकवायची; हात बाहीतून खेचून काढायचा नाही. डोक्यावरून घालायचं बनियन काही महिने बाजूला ठेवा, पुढून उघडणारा सदरा बरा.

हाताला आधार द्यायला गळ्यात अडकवतात ती झोळी दिवसभर अडकवून ठेवू नका. उभं राहताना, चालताना ती उपयोगी पडते, पण हात छातीशी दुमडून राहिला की खांदा आखडतो. बसल्यावर हात उशीवर किंवा टेबलावर ठेवा, कोपराला आधार हवा. लुळ्या बाजूवर कधीच झोपवू नये, हाही गैरसमजच. झोपवता येतं, फक्त खांदा थोडा पुढे ओढून घ्या, टोकावर वजन येऊ देऊ नका. ओढताना फऱ्याखाली हात घाला, दंड धरू नका.

काही पेशंटना त्या बाजूचं भानच राहत नाही. ते स्वतःच्या हातावर बसतात. संवेदना गेलेली असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजते आणि त्यांना कळतही नाही. वाचा गेली असेल तर कपाळावरची आठी पाहा, चांगल्या हाताने तुमचं मनगट धरलं जातंय का ते पाहा. तक्रार नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. सलाईन आणि बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला लावायला सांगा.

पंजा सुजला, लालसर आणि गरम वाटला, बोटं वळवताना पेशंट ओरडला, तर तेल-बाम चोळत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तर आधी एक्स-रे. स्नायू ताठ झाल्यामुळे दुखत असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन, सांध्याला सूज असेल तर स्टिरॉइडचं इंजेक्शन, असे उपाय आहेत. त्यातलं कोणतं लागेल हे तपासूनच ठरतं, म्हणून तपासणीच्या वेळी दुखणं कधी सुरू झालं आणि कोणत्या हालचालीला वाढतं, हे लिहून न्या.